पंधरा पाहुण्यांना रात्री जेवायला कुठं न्यायचं?

बेळगावात पाहुणे आले की जेवायला कुठं न्यायचं हे बहुतेकजण चवीवरून ठरवतात. अमक्याकडचं मटण, तमक्याकडचा लोणी डोसा. दोघंतिघं असतील तर ते बरोबरच आहे. पण बारा-पंधराजणांचा घोळका असला की चवीचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न एवढाच, की सगळ्यांच्या ताटात गरम जेवण एकाच वेळी पडणार का? एकाचं ताक पिऊन झालंय आणि टेबलाच्या त्या टोकाला अजून पहिली भाकरी आलेली नाही, असं झालं की भाजी कितीही झणझणीत असो, जेवण फसलं.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये हिशेब बघते. पुण्याहून, कोल्हापूरहून गिऱ्हाईक कंपन्यांची माणसं येतात, त्यांच्या रात्रीच्या जेवणाचं बघणं माझ्याकडं असतं. घरी सासर-माहेरची माणसं येतात ती वेगळीच. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तेव्हा ओळखीपाळखीचे लोक गाडी करून येतात आणि मुक्कामाला शहरात राहतात. या सगळ्यांना माणशी अडीचशे-तीनशेत पोटभर आणि निवांत जेवू घालायचं, यातून माझी एक पद्धत बसली आहे. हॉटेलांची नावं मात्र देत नाही. आचारी बदलला की तेच हॉटेल सहा महिन्यांत वेगळं होतं. बघायचं कसं हे कळलं की नाव तुमचं तुम्हाला सापडेल.

आधी माणसं मोजायची, आणि मोजताना नुसता आकडा नको. कोण मांसाहारी, कोण शाकाहारी, कुणाचा सोमवार किंवा गुरुवार, दुसऱ्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आहे का, श्रावण चालू आहे का, हे कॅलेंडर उघडून बघा. आपल्याकडं पंधरातले सहाजण तरी वार पाळणारे निघतात, आणि मटणाच्या हॉटेलात बसल्यावर ते कळलं तर त्यांच्या वाट्याला डाळ आणि पापड येतो. जैन मंडळी असतील तर आणखी आधी विचारा. बेळगाव भागात जैन वस्ती मोठी आहे, पाहुण्यांतही कुणी ना कुणी असतंच, आणि त्यातले कितीतरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि आपली बहुतेक हॉटेलं दुपारी बंद झाली की संध्याकाळी सातलाच चूल पेटवतात. अशांची सोय घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी साडेपाचला करायची आणि नंतर त्यांना गप्पांना बरोबर न्यायचं. "बघू तिथं गेल्यावर," असं म्हणू नका. तिथं गेल्यावर काही होत नाही.

एकाही माणसाला मांस शिजतं तिथं जेवण जात नसेल, तर सगळा घोळका शाकाहारी खानावळीत न्यायचा, हे माझं ठाम मत आहे. मटण खाणाऱ्याची एक रात्र भरल्या वांग्यावर निघते. पण आत्याबाई ताटावर नुसत्या बसून राहिल्या तर बाकीच्यांचाही घास गोड लागत नाही. आणि यात कमीपणा काही नाही. पुण्यामुंबईच्या माणसाला मटण त्याच्या गावातही मिळतं. हातावर थापलेली पातळ ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, कच्ची मेथी-काकडी-कांद्याची पात आणि वर घट्ट दही, असं ताट त्याला रोज कुठं मिळतंय? लिंगायत खानावळीतलं हे जेवण म्हणजे आपल्या भागाची खरी श्रीमंती आहे, आणि खिशालाही तेच सगळ्यात हलकं.

आता भाग ठरवायचा. पाहुणे झोपणार कुठं, त्यावरून हॉटेल ठरतं. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली या भागात खाण्याची ठिकाणं आहेत, पण टेम्पो ट्रॅव्हलर आत जात नाही. ड्रायव्हर कुठंतरी लांब गाडी लावतो आणि बिचारा जेवायला शेवटी येतो. त्यापेक्षा टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ, वडगाव, इकडं खानापूर रोड आणि उद्यमबाग, तिकडं हिंडलगा, असा कडेचा भाग बघा. रस्ते मोकळे, भाडी कमी म्हणून ताटाचा दरही कमी, आणि गिऱ्हाईक रोजचंच असल्यामुळं मालकाला नाव राखावं लागतं. टिळकवाडीत एक गोष्ट बघायची. मुक्काम आणि हॉटेल रेल्वे गेटच्या एकाच बाजूला असलेलं बरं. गेट पडलं की पाच रिक्षांतल्या दोन पलीकडं आणि तीन अलीकडं राहतात.

हायवेवर काकतीकडं किंवा हलग्याकडं मोठी हॉटेलं आहेत, जागाही ऐसपैस. पण ती वाटसरूंसाठी. पाहुणे गाडीनं थेट पुण्याकडं किंवा धारवाडकडं निघणार असतील तर तिथं थांबवा. मुक्कामाला असतील तर रात्री दहाला हायवेवरून परत रिक्षा मिळवणं हे काम होऊन बसतं.

काही रात्री अशा, की शहराच्या मध्यात जायचंच नाही. गणपतीचे दिवस, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, 1 नोव्हेंबरची, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाची रात्र. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असलं की लॉजेस भरतात आणि बरी हॉटेलं रोज गजबजलेली असतात. डिसेंबरात पाहुणे बोलावताना अधिवेशनाच्या तारखा बघून ठेवा.

आता मुद्द्याचं. हॉटेल निवडताना मी स्वयंपाकघरात डोकावून एकच गोष्ट आधी बघते. भाकरीला बायका किती आहेत?

हिशेब साधा आहे. पंधरा माणसं, माणशी दोन भाकऱ्या, दोघातिघांना तिसरी लागते, म्हणजे पस्तीस धरा. हाताला सराव असलेली बाईसुद्धा एका तव्यावर एक भाकरी थापून, पाणी लावून, फुगवून उतरवायला दोन-तीन मिनिटं घेते. तासाला वीस-पंचवीस. तिथं एकच मावशी असेल तर तुमच्याच भाकऱ्यांना दीड तास, आणि हॉटेलात तुम्ही एकटेच नसता, आणखी आठ-दहा टेबलं असतात. दोघी असतील तर आधी सांगून ठेवल्यास निभतं. तिघी तव्यापुढं दिसल्या की मी निश्चिंत होते. अशा ठिकाणी भाकऱ्यांची दुरडी फडक्यात गुंडाळून फिरत असते, वाढपी न विचारता ताटात टाकत जातो आणि बोलणं मध्ये तुटत नाही.

बायका कमी असल्या तरी एक मार्ग असतो. कडक भाकरी. ती आधी करून ठेवलेली असते, पापडासारखी मोडते, दह्याबरोबर, चटणीबरोबर, भाजीत बुडवून चांगली लागते. आल्याआल्या प्रत्येकाच्या ताटात अर्धी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही ठेवायला सांगा. पाहुणे त्यावर हात चालवतात, तोवर मऊ भाकऱ्यांची पहिली खेप उतरते. बाहेरून येणाऱ्यांना ती नवी असते, त्यांना आवडते, आणि उपाशी वाट बघत बसण्याची ती दहा-पंधरा मिनिटं निघून जातात. चपातीचंही असंच विचारायचं. चपात्या लाटायला वेगळा माणूस आहे की भाकरीवाल्याच मावशी मधूनच चपातीकडं वळतात? वळत असतील तर चपाती मागूच नका.

घोळका मांसाहारीच असेल तर आपल्याकडं निवड मोठी आहे. सावजी म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची पद्धत. रस्सा तिखट, मसाला खमंग भाजलेला. कोल्हापूरचा माणूस ते मजेत खातो, पण ज्याला सवय नाही त्याला आधी सांगा आणि दही, कच्चा कांदा, लिंबू जादा मागवून ठेवा. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी पांढरा रस्सा किंवा अंडाकरी बघा. स्वयंपाकघरात कन्नड चालत असेल तर "खारा कडिमी माड्री" एवढं म्हटलं तरी तिखट कमी करून देतात. मराठी पद्धतीची मटण ताटं देणारी हॉटेलं अनगोळ-वडगाव, हिंडलगा या बाजूला भरपूर आहेत. तिथं ताटात मटणाची वाटी एक, रस्सा मात्र लागेल तेवढा, असं बहुधा असतं. रस्सा पुन्हा वाढतात का आणि त्याचे पैसे वेगळे लागतात का, एवढं विचारून घ्या.

मासे हवे असतील तर महिना बघा. आपल्याकडं मासा गोव्याहून, मालवणहून, कारवारहून घाट चढून येतो. कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घोळक्याला माशांच्या हॉटेलात नेऊ नका. जे मिळतं ते बर्फातलं असतं, आणि दरही चढलेला.

गार्डन हॉटेलं पाहुण्यांना बघायला आवडतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री साडेआठनंतर उघड्यावर बसलं की म्हातारी माणसं शाल ओढतात आणि रस्सा ताटात गार होतो. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा गार्डनला काही अर्थच नाही. मार्च ते मे मात्र तिथंच न्यावं, वारं छान असतं.

पंजाबी-चायनीजची लांबलचक यादी असलेली फॅमिली रेस्टॉरंटं घोळक्यासाठी मी टाळते. पंधरा माणसं पंधरा प्रकार मागतात, आचारी एक, कढई एक. पनीर आलं, नान नाही. नान आलं, तोवर पनीर गार. ताट पद्धतीच्या हॉटेलात जेवण आधीच शिजलेलं असतं, फक्त वाढायचं उरतं. पंधराजणांना एका वेळी जेवायला घालण्याची सोय ताटातच आहे. उडुपी हॉटेलं स्वच्छ आणि स्वस्त, सकाळच्या नाश्त्याला उत्तम, पण रात्री डोसेही एकेक करूनच येतात.

ठिकाण मनात आलं की आधी एकदा जाऊन जेवून या. ज्या वारी न्यायचं त्याच वारी, ज्या वेळी न्यायचं त्याच वेळी. दुपारी तीनला रिकाम्या हॉटेलात बसून काही कळत नाही. रविवारी रात्री साडेआठला कळतं. दोघंच जा, पण नजर शेजारच्या मोठ्या टेबलावर ठेवा. पहिलं आणि शेवटचं ताट यांत किती वेळ जातो? वाढपी परत फिरकतो का? शेवटी भात मागितला तर गरम येतो की भांड्याच्या तळाचा? मी नेहमी शेवटचा भात आणि ताक मागवून बघते. सुरुवातीची भाजी सगळेच चांगली वाढतात, काळजी घेणाऱ्याचं हॉटेल शेवटच्या भातात दिसतं. तेलाचा जुनाट वास दारातच येत असेल तर तिथूनच परत फिरा. कोण जेवतंय तेही बघा. फाउंड्रीतले कामगार, कॉलेजची पोरं आणि बायकामुलांसह आलेलं एखादं कुटुंब, असे तिन्ही एका वेळी दिसले तर दर, पोटभरपणा आणि वातावरण, तिन्हींची खात्री पटते.

हात धुवायच्या जागेपासून संडासापर्यंत एक फेरी मारा. बायका चार तास प्रवास करून आलेल्या असतात. कडी लागते का, दिवा आहे का, पाणी आहे का, हे त्यांना तिथं गेल्यावर कळू नये. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायऱ्या किती, बाकाला पाठ आहे का, हे बघा. बार शेजारी असेल तर फॅमिली रूमचं दार कुठून आहे ते बघा. टीव्हीवर क्रिकेटचा सामना असेल त्या रात्री आवाजामुळं बोलताच येत नाही. वेगळी खोली मिळाली तर घ्या.

पसंत पडलं की मालकाशी किंवा गल्ल्यावरच्या माणसाशी समोरासमोर बोला. फोनवर सगळे "या की, या की" म्हणतात. एका हॉटेलवाल्यानं मला फोनवर टेबल ठेवतो म्हणून सांगितलं होतं. पुण्याचे बाराजण घेऊन पोचलो तर तिथं वाढदिवस चालू होता, आणि आम्ही पाऊण तास बाहेर उभे. तेव्हापासून दुपारी जाऊन पाचशे रुपये आगाऊ देते आणि त्यांच्या वहीत माझ्यासमोर लिहून घेते. वेळ साडेसात, माणसं पंधरा, शाकाहारी ताटं नऊ, मटण ताटं सहा, ड्रायव्हरचं ताट यातच. ड्रायव्हरला त्याच टेबलावर, त्याच वेळी. त्याला रात्री गाडी चालवायची असते.

वेळ साडेसातचीच धरा. साडेआठ ते साडेनऊ गर्दीचा. साडेसातला बसलात तर तव्यापुढच्या बायकाही ताज्यातवान्या असतात आणि नऊपर्यंत सगळं आटोपतं.

बसवताना पंधराजणांचं एकच लांब टेबल जोडू नका. मधल्यांना दोन्ही टोकांचं ऐकू येत नाही आणि वाढप्याला पलीकडं जाता येत नाही. सात आणि आठ अशी दोन टेबलं शेजारी शेजारी, शाकाहारी एकीकडं. मेन्यूकार्ड मागवूच नका. ताटं ठरलेली आहेत असं पाहुण्यांना गाडीतच सांगा, कुणाला बदल हवा असेल तर तिथूनच फोन करता येतो. वर जादा एकच पदार्थ, मिरची भजी. एका घाण्यात बरीच निघतात आणि सगळ्यांना एकदम मिळतात. मसाला पापड एकेक करून येतो, तो नको.

गोड म्हणून हॉटेलात काही मागवू नका. संध्याकाळी मिठाईच्या दुकानातून कुंदा घ्या, पंधराजणांना पाऊण किलो पुष्कळ होतो, आणि हॉटेलवाल्याला आधी विचारून ताटात एकेक चमचा वाढा. बेळगावला येऊन कुंदा न खाता पाहुणा गेला असं होऊ देऊ नये.

बिलाचं सांगते, कारण ते माझं रोजचं काम आहे. ताट 250 चं धरलं तर पंधराचे 3,750. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 187 रुपये 50 पैसे. एकूण 3,937 रुपये 50 पैसे. दर विचारताना टॅक्स धरून की वेगळा, हे विचारा. हॉटेल छोटं असून जीएसटीच्या कम्पोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज कुणी आपणहून बिलात घालू शकत नाही, 2022 पासून तशी केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. घातला असेल तर शांतपणे काढायला सांगा, आणि त्याऐवजी वाढप्याच्या आणि भाकरीवाल्या मावशींच्या हातात थेट पैसे द्या. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 आकडी नंबर असायला हवा. पहिल्या भेटीतच तो बघून घ्या.

पैसे कोण देणार यावरून गल्ल्यापाशी ओढाताण होते. दाजी पाकीट काढतात, काका हात धरतात, मागं रांग लागते. आगाऊ देताना मालकाला सांगून ठेवा की उरलेले माझ्याकडूनच घ्यायचे, दुसऱ्या कुणाकडून नाही. ते ऐकतात. वर्गणी काढून जेवायचं असेल तर गाडीतच जमवा.

पुण्याच्या ड्रायव्हरला कन्नड पाटी वाचता येत नाही. लोकेशन पाठवाच, पण दारासमोर उभं राहून काढलेला फोटो आणि जवळची खूणही पाठवा. रिक्षानं जाणार असाल तर तीनतीनजण धरून पाच रिक्षा लागतात. मीटरवर कुणी येत नाही, तेव्हा जाऊन-येऊन भाडं आधी ठरवा आणि परतीची वेळ सव्वानऊची सांगा.

माणसं वीसच्या वर गेली तर मात्र उपनगरातल्या साध्या हॉटेलाचा नाद सोडा. त्यांच्या तव्यांना ते पेलत नाही आणि रोजच्या गिऱ्हाइकांचेही हाल होतात. आपल्याकडं गल्लोगल्ली बायका भाकऱ्या करून विकतात, कडक आणि मऊ दोन्ही, चटण्यांसकट. आदल्या दिवशी सांगितलं तर साठ-सत्तर भाकऱ्या फडक्यात बांधून वेळेवर देतात. भरलं वांगं, उसळ आणि मसालेभात एखाद्या खानावळीतून डब्यांत आणायचा, दही-ताक डेअरीतून, आणि घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये पत्रावळी मांडायच्या. भाकऱ्या किती सांगायच्या हे ठरवताना माणशी तीन धरा. घरी बसून माणूस एक जास्तच खातो.